खालच्या ओळी

कारखानीसकाकांच्या शेजारी बसून सिनेमा बघणं ही शिक्षा होती. पडद्यावरचा माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच काकांचे ओठ हलायला लागायचे. सिनेमा फ्रेंच असो, जपानी असो, खाली इंग्रजीत उमटणाऱ्या ओळींचं मराठी करून ते हलक्या आवाजात सांगत राहायचे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी दोनदा खाकरले, एकदा मान वळवून नीट रोखून पाहिलं, आणि तरीही फरक पडेना तेव्हा पुण्याच्या पाण्याला जागून म्हणाले, "काका, मला इंग्रजी वाचता येतं."

"हो का? वा, छान," काका म्हणाले. "पण मी तुला सांगत नव्हतो."

मी त्यांच्या डाव्या हाताला बसले होते. ते बोलत होते उजवीकडे. उजवीकडची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर त्यांनी आपला मफलर घडी करून ठेवला होता.

त्या दिवसापासून मी काकांवर चिडणं सोडून दिलं, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला लागले.

काका म्हणजे आमच्या शेजारच्या निखिलचे वडील. आम्ही क्राइस्टचर्चच्या रिकार्टनमध्ये राहतो. निखिल आणि मी एकाच कंपनीत, तो सॉफ्टवेअर लिहिणार आणि मी त्यातल्या चुका काढणार, त्यामुळे आमचं नातं जेवढ्यास तेवढं होतं. काका मात्र कुंपणावरून सहज घरात आले. उंच, किंचित वाकलेले, लोकरीच्या मोज्यांवर सँडल, आणि बोलण्याआधी "ऐकू येतंय ना?" म्हणायची सवय. सगळी नोकरी पुण्याला टेलिफोन खात्यात झालेली. निवृत्त होऊन कैक वर्षं लोटली तरी माणसांची वर्गवारी ते टेलिफोनच्याच भाषेत करायचे. गोंधळलेला माणूस म्हणजे क्रॉस कनेक्शन. आतल्या गाठीचा म्हणजे एंगेज टोन. आमच्या हॉलची किल्ली सांभाळणारा बॅरी, जो निवृत्त प्लंबर होता आणि बारा महिने शॉर्ट्स नि जँडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांत, वावरायचा, तो काकांचा लाडका लोकल कॉल. "फिरवला नंबर की उचलला! मध्ये ऑपरेटर नाही."

"आणि मी, काका?"

"तू इन्कमिंग. तुला ऐकायला आवडतं, बोलायला वेळ लागतो."

माझ्या नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की मला काकांच्या निदानाबद्दल शंकाच यायला लागली.

महिन्यातून एका शनिवारी दुपारी आम्ही पाचसहा मराठी घरं आणि काही किवी शेजारी मिळून कम्युनिटी हॉलमध्ये प्रोजेक्टरवर सिनेमा लावायचो. कुठला लावायचा हे काका ठरवायचे. कुठलाही लावला तरी बॅरीचा अभिप्राय एकच, "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास. आणि काकांच्या उजवीकडची खुर्ची मफलरची, हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

त्या खुर्चीची मालकीण ऑकलंडला होती. सुलभाकाकू, त्यांची बायको.

आईवडिलांची वाटणी हा शब्द आपल्याकडे कोणी उच्चारत नाही. घर वाटतात, शेत वाटतात, आजीचे दागिने तर मोजून वाटतात, आणि त्याबद्दल वर्षानुवर्षं बोलतात. पण इथे परदेशात घरोघरी म्हातारी जोडपी वाटली जातात आणि त्याला 'ॲडजस्ट करणं' म्हणतात. काका-काकू दोघं मिळूनच निखिलकडे आले होते. मग मुग्धाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, ऑकलंडला मुलगा झाला आणि काकू तीन महिन्यांसाठी तिकडे गेल्या. तीन महिन्यांनी मुग्धाची नोकरी सुरू झाली. मग बाळाला डे-केअरमध्ये सारखी सर्दी व्हायला लागली. मग जावयाची बदली टौरंगाच्या बंदरावर झाली आणि तो निम्मा आठवडा तिकडे. इकडे निखिल आणि त्याची बायको दोघंही नोकरीला, त्यामुळे त्यांच्या मुलीला, आर्याला, शाळेतून आणायला काका हवेतच. प्रत्येक कारण खरं होतं. कोणी वाईट नव्हतं. वाईट असतं तर एकदा भांडण होऊन सोक्षमोक्ष तरी लागला असता. इथे सगळे एकमेकांशी इतके चांगले वागत होते की तीन महिन्यांची तीन वर्षं होत आली तरी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

काकांच्या आलं असावं. पण ते बोलायचे नाहीत.

रोज संध्याकाळी ते फोन घेऊन परसात यायचे आणि कपडे वाळत घालायच्या गोल छत्रीखाली उभे राहायचे. माझी स्वयंपाकघराची खिडकी बरोबर समोर. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हे मलाही कळतं, पण पोळ्या टाकून कान झाकून उभी राहू का?

"काय केलंस आज?"

काकूंचा आवाज स्पीकरवर यायचा. "मुगाची खिचडी. तुम्ही?"

"फरसबी केली. कढीपत्ता संपला होता."

"मग फोडणी कशी दिलीत?"

"दिली आपली, अनाथ."

काकू हसायच्या. मग तिकडे पाऊस आहे का, इकडे दक्षिणेचं गार वारं सुटलंय, गुडघा कसा आहे, नातवाची सर्दी गेली का. शेवटी काका म्हणायचे, "बरं, लाइन मोकळी करतो." आणि फोन बंद झाल्यावरही छत्रीखाली थोडा वेळ उभे राहायचे. कधी निखिलच्या शर्टाची बाही धरून, कधी आर्याच्या छोट्या टॉग्जला, म्हणजे पोहायच्या कपड्यांना, हात लावून, ते वाळले की नाही ते बघत. आर्या काकांशी चोवीस तास इंग्रजीतून बोलायची, काका तिच्याशी चोवीस तास मराठीतून, आणि दोघांपैकी कोणाचंच काही अडायचं नाही.

रविवारी दुपारी मात्र काका-काकूंचा सिनेमा असायचा. तिकडे काकू आपल्या टीव्हीसमोर, इकडे काका निखिलच्या लॅपटॉपसमोर, दोघांच्या मध्ये फोन. "तीन म्हटलं की दाब," काका सांगायचे. एक, दोन, तीन. पण दोन घरांचं इंटरनेट काही एका सुरात चालायचं नाही, आणि काका तर इकडचा पडदा बघून कानात सांगणार.

"अहो, थांबा जरा," काकू ओरडायच्या. "तुमचा आवाज आधी येतो आणि माणूस मागाहून रडतो!"

हे कानात सांगणं सुरू कसं झालं ते काकांनी मला एकदा रिकार्टनच्या इंडियन दुकानातून परत येताना सांगितलं. काकू कराडकडच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. काका लग्नाच्या आधीपासून पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीचे सभासद. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता, आणि सोसायटीत एक जुना, काळा-पांढरा स्वीडिश सिनेमा लागला. माहितीपत्रकात छापलं होतं, प्रेम आणि विवाह यांवरचं अभिजात नाट्य. काकांना वाटलं, नव्या नवरीला दाखवायला याहून योग्य काय असणार!

"बाकीचे नवरे बायकोला महाबळेश्वरला न्यायचे," ते म्हणाले, "मी स्वीडनला नेलं."

सिनेमात एक बेट. बेटावर एक शाळामास्तर आणि त्याची देखणी, गप्प बायको. दोघं दीड तास जेवणाच्या टेबलाशी बसून अत्यंत सभ्यपणे एकमेकांचे लचके तोडतात. इंग्रजी ओळी भराभर पुढे जाणाऱ्या, काकूंना त्या गाठता येईनात. तेव्हा काकांनी उजवीकडे झुकून कानात मराठी सांगायला सुरुवात केली. जसजसा सिनेमा पुढे सरकला तसतसा त्यांना घाम फुटायला लागला. आणि शेवटी ती बाई ट्रंक घेऊन धक्क्यावर येते, बोट उभी असते, आणि ती नवऱ्याला सांगते की मी परत येणार नाही.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

काकांनी कढीपत्त्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "काय सांगणार? वीस-बाविशीची पोर, घर सोडून आलेली, शेजारी बसलेली. मी म्हटलं, ती म्हणतेय, चार दिवस माहेरी जाऊन येते."

मी भररस्त्यात हसत उभी राहिले. काकाही हसले.

"तिला पटलं?"

"बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, तिकडे माहेरी जायला बोट लागते वाटतं."

तेव्हापासून काकूंना जगातला प्रत्येक सिनेमा काकांच्या आवाजात ऐकू आला. रशियन सैनिक, इटलीतल्या मोलकरणी, जपानी म्हातारे, सगळे त्यांच्या कानात ठाण्या-पुण्याच्या मराठीत बोलायचे आणि अडलं तिथे एकमेकांना 'अगं' म्हणायचे.

त्याच रस्त्यावर, त्याच दुकानात, काही दिवसांनी काकांनी मसाल्याचं पाकीट माझ्यापुढे धरलं. "कधीपर्यंत चालेल, काय लिहिलंय बघ गं. चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी म्हटलं, "काका, काखेत कळसा नि गावाला वळसा." ते जरा जास्तच जोरात हसले. मग बाहेर बाकावर बसल्यावर, मी काही न विचारता, म्हणाले, "कडेकडेचं दिसतं. मधलं पुसून गेलंय. तुझ्या तोंडाकडे बघायचं तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं. डॉक्टर म्हणतो वाचणं आता यायचं नाही. बाकीचं असंच राहील, थोडं कमी होत जाईल."

मला सिनेमे आठवले. गेले कित्येक महिने काका हॉलमध्ये जुने, आधी पाहिलेलेच सिनेमे लावत होते. ते वाचून सांगत नव्हते, पाठ म्हणत होते.

"निखिलला माहीत आहे?"

"त्याला सांगितलं तर आर्याला आणायला जाणं बंद. मग मी इथे कशासाठी? रस्ता ओलांडताना ती माझा हात धरते. तिला वाटतं ती आजोबांना रोड सेफ्टी शिकवतेय. शिकवू दे."

"आणि काकूंना?"

"फोनवर डोळे दिसत नाहीत," काका म्हणाले. मग चष्मा काढून खिशात ठेवला. "अनघा, तो स्वीडिश सिनेमा आपल्या हॉलमध्ये लावायचाय. आणि ती शेजारी हवी. अजून कडेकडेने दिसतंय तोवर एकदा. आणि या वेळी मी तिला खरं काय ते सांगणार आहे. शेवटचं वाक्य."

"आता भीती नाही वाटत, काकू सोडून जातील म्हणून?" मी आपली चेष्टेने विचारून गेले.

"आता काय," काका म्हणाले, "गेलेलीच आहे की."

तीन वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं आणि शेवटचं गाऱ्हाणं. तेसुद्धा माझ्या कानाकडे बघत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांना दिसलं नाही, हे बरं झालं की वाईट झालं, मला आजही ठरवता येत नाही.

आता प्रश्न काकूंना आणायचा कसा? नुसतं मुग्धाला 'बाबांना आईची आठवण येते' म्हणून आणता आलं असतं, पण ते काकांना कदापि मंजूर नव्हतं. मुलीची गैरसोय होईल असा एक शब्दही तोंडातून काढायचा नाही, हा दोघांचा बाणा. तेव्हा मी आपल्या समाजाच्या वर्मावर बोट ठेवलं. मुग्धाला फोन करून सांगितलं की आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला सुलभाकाकू प्रमुख पाहुण्या म्हणून हव्या आहेत. आमचं मंडळ म्हणजे मी, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि स्टीलचे चाळीस पेले. पण शाल-श्रीफळापुढे मराठी माणसाची मान आपोआप लवते. "आईचा सत्कार?" मुग्धा म्हणाली. "मग मीच घेऊन येते ना!"

आणि आली. मुलासकट.

काकू लहानखुऱ्या, निळ्या साडीवर फुगीर जाकीट आणि पायांत स्पोर्ट्स शूज. हॉलच्या दारात काका उभे होते, सकाळपासून तिसऱ्यांदा दाढीवरून हात फिरवत. काकू समोर आल्या. काका हसले. काकूंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं, मग त्यांचा कोपर धरला आणि म्हणाल्या, "चला. खुर्ची कुठली आपली?"

मी शाल दिली, नारळ दिला. बॅरीने सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या, आपण कशाबद्दल वाजवतोय ते न विचारता. काकांनी उजवीकडच्या खुर्चीवरचा मफलर उचलून गळ्यात घातला. काकू बसल्या. निखिल प्रोजेक्टरपाशी, मुग्धा झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन दाराशी, मी नेहमीच्या जागी, काकांच्या डावीकडे.

सिनेमा सुरू झाला आणि काकांचा आवाज सुरू झाला. त्या दिवशी मी खालच्या ओळी वाचल्याच नाहीत. शाळामास्तर बायकोला म्हणाला, अगं, मीठ दे जरा. बायको म्हणाली, तुमच्यासमोरच आहे की. मास्तर म्हणाला, तू दिलंस की बरं वाटतं. हे सिनेमात असं होतं की नव्हतं, देव जाणे. काकू मान किंचित डावीकडे कलवून बसल्या होत्या, डोळे पडद्यावर, कान काकांपाशी. इतक्या वर्षांत त्यांच्या मानेला तेवढाच बाक पडला असावा. कोणी शुक् म्हटलं नाही. माझा नवराही मागच्या रांगेत फोन खिशात ठेवून बसला होता, ही घटना मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

मग धक्का आला. बोट आली. ती बाई टोपी घालून, ट्रंक पायाशी ठेवून उभी राहिली आणि बोलायला लागली. बराच वेळ बोलत राहिली.

काका गप्प.

आधी मला वाटलं, त्यांना ओळी आठवत नाहीत. मी पाहिलं तर त्यांचे ओठ हलत होते. शब्द होते, आवाज निघत नव्हता. पडद्यावर खाली पांढऱ्या अक्षरांत उमटलं की मी परत येणार नाही, मला शोधू नकोस. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं ठरवून आले होते, आणि सांगता येत नव्हतं.

तेव्हा काकूंनी काकांच्या खुर्चीचा हात धरून स्वतःला थोडं उंच केलं, आणि त्या त्यांच्या कानाशी गेल्या. काकांचं कुजबुजणं मुरलेलं होतं, शेजारच्या दोघांपलीकडे जायचं नाही. काकूंना सवय नव्हती. त्यांची कुजबुज हॉलभर ऐकू गेली.

"ती म्हणतेय," काकू म्हणाल्या, "माहेर पुष्कळ झालं. आता मी घरी येते."

बोट सुटली. मास्तर धक्क्यावर एकटाच उभा राहिला. निखिलला आणि मुग्धाला खालची ओळ वाचता येत होती आणि आईचं मराठीही कळत होतं. मुग्धा मुलाला थोपटत होती, तिचा हात थांबला. निखिल प्रोजेक्टरच्या उजेडात खाली बघत राहिला. काकांनी काकूंचा हात शोधला. दोनदा हुकला, तिसऱ्यांदा सापडला.

दिवे लागल्यावर कोणीच लवकर उठलं नाही. बॅरीने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. "माय मिसेस वुड हॅव लाइक्ड दॅट," तो म्हणाला आणि किल्ल्या शोधायला गेला. स्वीट ॲज म्हणाला नाही.

मागच्या स्वयंपाकघरात मुग्धा पेले विसळत रडत होती. "आई, एकदा म्हणायचं नाही का गं? एकदा तरी?"

"म्हटलं असतं तर तू तिकीट काढलं असतंस आणि उशीत तोंड घालून रडली असतीस," काकू पेले पुसता पुसता म्हणाल्या. "ते नको होतं. तुझ्या बाबांनी नको ते मला कधी ऐकू दिलं नाही. मग मलाही तीच सवय लागली."

"म्हणजे तो शेवट तुम्हाला माहीत होता?" मला राहवेना.

"अगं, चार दिवस माहेरी जायला एवढी ट्रंक घेऊन कोण जातं?" काकू म्हणाल्या. "आणि पुढे निखिलच्या इंग्रजीचा अभ्यास मीच घेतला ना. त्याच्याबरोबर मीही वाचायला शिकले. सगळं वाचता यायचं. पण मी वाचते म्हटलं असतं तर ह्यांचा आवाज बंद झाला असता." मग पेला ठेवून हळूच विचारलं, "डोळे कधीपासून?"

मी एक पेला पुन्हा विसळायला घेतला.

"दारात माझ्या कानाकडे बघून हसले," काकू म्हणाल्या. "तेव्हाच कळलं."

बाहेर काका बाकावर बसले होते. मी जाऊन मोठ्या ऐटीत बातमी दिली की काकूंना कितीतरी वर्षांपासून इंग्रजी वाचता येत होतं.

"माहीत आहे," काका म्हणाले. "निखिल पाचवीत असल्यापासून."

"मग तरीही सांगत राहिलात?"

"ती ऐकत राहिली ना."

सिनेमात दिवे लागले की संपतं, घरात तिथून सुरू होतं. डोळ्यांची गोष्ट निघाली आणि निखिल संतापला, की आम्ही काय तुम्हाला जबरदस्तीने वेगळं ठेवलं होतं का? काका म्हणाले, "नाही रे. तुम्ही विचारलं नाहीत, आम्ही बोललो नाही. लाइन दोन्हीकडून डेड होती." मग कोणी कुठे राहायचं यावर फोन सुरू झाले. दोघांनी क्राइस्टचर्चला राहावं तर मुग्धा रडकुंडीला, ऑकलंडला जावं तर आर्याचं काय? मुलं ओढाताण करत होती, तीही मायेपोटीच. शेवटी काकूंनीच सांगितलं की आम्ही दोघं पुण्याला जातो, आपल्या फ्लॅटमध्ये. तिथला जिना ह्यांना डोळे मिटून येतो.

हे ऐकून सगळ्यांना वाईट वाटलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आणि काकांनी, इतकी वर्षं जे मनात असून मागितलं नव्हतं ते मिळाल्यावर, परसातल्या छत्रीखाली उभं राहून आर्याच्या टॉग्जची नाडी कितीतरी वेळ हातात धरून ठेवली. एक मिळवायचं तर दुसरं सुटतं, हे त्यांना सांगायला कोणाची गरज नव्हती.

एअरपोर्टवर आम्ही सगळे गेलो होतो. बॅरीसुद्धा, शॉर्ट्समध्ये. काका-काकूंना नीट पाहिलं तर त्यांच्या जागा बदललेल्या होत्या. आयुष्यभर काका डावीकडे आणि काकू उजवीकडे. आता काकू डावीकडे होत्या, काकांचा कोपर धरून, आणि येणारीजाणारी प्रत्येक पाटी त्यांना कानात वाचून दाखवत होत्या. काका मान कलवून ऐकत होते. मला त्यांचा हेवा वाटला, हे सांगून टाकते. माझ्या शेजारचा माणूस चांगला आहे, पण आम्हा दोघांनाही सगळं आपापलं वाचता येतं.

आर्या तोपर्यंत शहाण्यासारखी उभी होती. काका वाकून तिला जवळ घ्यायला गेले तेव्हा तिने विचारलं, "आजोबा, व्हेन आर यू कमिंग बॅक?"

निखिल दुसरीकडे बघायला लागला. काकूंनी काकांचा कोपर घट्ट धरला. परत येणं होणार नव्हतं. त्या डोळ्यांनी एवढा प्रवास पुन्हा होणार नव्हता, हे आम्हा प्रत्येकाला माहीत होतं आणि काकांना सगळ्यांत जास्त.

काकांनी तिच्या कानाशी तोंड नेलं.

"चार दिवस माहेरी जाऊन येतो," ते म्हणाले.

आर्याने बोटं पुढे धरून हिशेब केला. "ओके," ती म्हणाली. "फोर डेज."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच मान फिरवली.

रांग हळूहळू पुढे सरकली. सिक्युरिटीच्या दाराशी पोचल्यावर दोघं वळली. आर्या निखिलच्या खांद्यावर चढून बसली होती आणि हात उंच करून चार बोटं दाखवत होती. काका आमच्या दिशेने बघत होते, पण आमच्या बऱ्याच बाजूला, भिंतीकडे. त्यांना काही दिसत नव्हतं. मग काकू टाचा उंचावून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. काकांनी ऐकून घेतलं, मान हलवली, हात वर केला, अंगठा आत मुडपला, आणि भिंतीकडे बघत चार बोटं दाखवली.